लाख

कोर्टाचा निकाल कन्नडात आला, अकरा पानं.
त्यात माझी सही तेवढी मराठी.
रूबेनच्या अव्वानं फोनवर विचारलं, आय्तेनु?
आय्तु, म्हटलं. झालं.

पण झालं नव्हतं.
रविवारी सभा संपल्यावर
खुर्च्या घडी करता करता गुडीमनी म्हणाले,
हे इथलं सुटलं, सिस्टर प्रिस्किला.
तिथलं अजून बांधलेलंच आहे.

तिथलं म्हणजे हाँगकाँगचं.
सोसायटीचं कर्ज, रात्रीची बस बंगळूरपर्यंत,
मग विमान, आणि मग सगळं पांढरं, मोजेसुद्धा.
खोलीत समोरासमोर दोन आरसे.
त्यात आम्ही दोघं, त्यामागे आम्ही दोघं,
त्यामागे आम्हीच, बारीक होत गेलेले.
मरणानंतरही, असं म्हणाले.
मी मोजत होतो.
(आमच्यात बाया पण होतोच म्हणतात,
कन्नडाच्या शेजारानं लागलेली सवय.)
नवव्या जोडीनंतर चेहरे नव्हते.

बाबा खानापूरच्या पोस्टात होते.
संध्याकाळी टपालाची थैली बांधायचे:
सुतळी, गाठ, गाठीवर मेणबत्तीत वितळवलेली लाख.
पितळी शिक्क्याला आधी थुंकी लावायचे,
नाहीतर चिकटतो.
मला वाटायचं, लाखेनंच थैली बंद राहते.
खुळी गं तू, म्हणायचे.
बांधते ती सुतळी.
लाख फक्त साक्ष देते,
की मधे कुणी सोडली नाही.

आमची सुतळी तर कधीच सुटली होती,
उद्यमबागेतल्या त्या भाड्याच्या खोलीत,
एका बुधवारी, भांडण सुद्धा न होता.
साक्ष मात्र तशीच. गोल, तांबडी.

अर्ज इंग्रजीत करायचा होता.
खडेबाजारातल्या टायपिंगवाल्यानं विचारलं,
कशाबद्दल?
म्हटलं, मेल्यानंतरच्या नवऱ्याबद्दल.
त्यानं चष्म्यावरून बघितलं, पानाला तीस रुपये सांगितले.
पत्त्यात बेळगाव घालू की बेळगावी?
मी म्हटलं, साता समुद्रापलीकडे जायचंय,
तिथं कोण मोर्चा काढणार नाही.
त्यानं दोन्ही घातलं.

रूबेनला पण विचारतात, त्याचं काय म्हणणं.
त्यानं एकच ओळ पाठवली. माझी हरकत नाही.
इतकं सरळ वाक्य त्याच्याकडून
लग्नात एकदा तरी मिळालं असतं तर.

आणि जोएल? मी गुडीमनींना विचारलं.
त्याचं काही सुटत नाही, म्हणाले.
तो जन्मला तोच बांधलेला.
कुणाशी?
शेवटची खुर्ची त्यांनी भिंतीला टेकवली.
बरोबर बसेना. परत काढली, परत लावली.
ते देवावर सोडा, सिस्टर.

सात महिन्यांनी उत्तर आलं. मंजूर.
एक परिच्छेद, छापील सही,
लाख नाही, शिक्का नाही,
जिभेनं चिकटवायचं पाकीटसुद्धा नाही.
मोबाइलवर आलं, मी हेस्कॉमचं बिल भरायला रांगेत होतो.
माझा नंबर आला. सुटे पैसे नव्हते.

त्या संध्याकाळी जोएलला केस कापायला नेलं,
शहापुरात, विणकर गल्लीच्या तोंडाशी.
खुर्चीसमोर आरसा, पाठीमागे आरसा.
तो पांढऱ्या कापडात, नुसतं डोकं बाहेर.
मम्मी, केवढे मी!
बघ, तू पण आहेस.
मागे, बाकावर, पिशवी घेऊन.
सगळ्यांच्या मागे आहेस.
अजून कोण दिसतंय, मी विचारणार होतो.

न्हाव्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.
तली केळग माडु, म्हणाला.
त्यानं मान खाली घातली,
आणि सगळ्यांनीच घातली.